झिरो बघून घ्या

पंपावर गाडी लावली की नोझल उचलण्याआधी मुलगा म्हणतो, "झिरो बघून घ्या." आपणही इमानेइतबारे बघतो. आकडा शून्यावरून शंभरापर्यंत पळतो, आपण झाकण लावतो आणि नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीत घुसतो. त्या शंभरातले कोणाला किती गेले, हे तो मुलगा सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. २०२५ मध्ये नाशिकला पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होते. त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. राज्याचा व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार. दोन्ही मिळून जवळपास २५ रुपये. पंपचालकाचे कमिशन साडेचार रुपयांच्या आत. उरलेल्या ५२-५३ रुपयांत कच्चे तेल, शुद्धीकरण, वाहतूक आणि तेल कंपनीचा नफा. म्हणजे शंभराच्या नोटेतले ४५ रुपये दोन सरकारांचे, चार पंपाचे आणि ५१ तेलाचे. गंमत अशी की व्हॅट नुसत्या तेलावर लागत नाही, केंद्राच्या शुल्कावरही लागतो. कराच्या प्रत्येक रुपयावर पुन्हा चार आणे कर. आणि नाशिकच्या त्या लिटरात राज्याचा वाटा केंद्राहून थोडा जास्तच भरत होता. पंपावर उभे राहून फक्त दिल्लीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

तरीही विचारले की हा दर ठरवतो कोण, तर सरकारी उत्तर तयार असते: बाजार. पेट्रोल २०१० पासून आणि डिझेल २०१४ पासून नियंत्रणमुक्त आहे. या उत्तरावर माझा विश्वास नाही. का नाही, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल, आणि तेही मनमाडच्या वाटेने.

स्वातंत्र्याच्या आगेमागे बर्मा शेलसारख्या कंपन्या आयातीच्या भावाशी सांधून दर लावत. १९६१ ची दामले समिती, १९६५ ची तालुकदार समिती, १९६९ ची शांतिलाल शाह समिती, असे दरांवर एकामागून एक अहवाल आले. १९७० च्या दशकात परदेशी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, बर्मा शेलची भारत पेट्रोलियम. मग आली प्रशासित दरांची व्यवस्था. तिचा गाभा म्हणजे तेलाचा सामायिक गल्ला, ऑइल पूल. पेट्रोलवर चढे पैसे घ्यायचे आणि त्यातून रॉकेल व गॅस स्वस्त ठेवायचा. स्कूटरवाल्याने चुलीवाल्याला मदत करायची, असा तो विचार. विचार वाईट नव्हता. पण त्यामुळे एकमेकांत सहज मिसळणाऱ्या दोन तेलांचे दोन वेगळे भाव झाले, आणि दोन भावांच्या मधल्या फटीत घर करणारे लोक सगळीकडे असतात.

नाशिक जिल्ह्यात ही फट पानेवाडीला होती. मनमाडजवळचे हे गाव. मुंबईहून भारत पेट्रोलियमची नळवाहिनी इथे येते, पुढे ती इंदूरकडे आणि दिल्लीकडे जाते. इंडियन ऑइल आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचेही साठे इथेच. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाचे इंधन रोज शेकडो टँकरांतून इथून निघते. शहरातल्या माणसाला मनमाड म्हटले की रेल्वे जंक्शन आठवते. मराठवाड्यातल्या पंपचालकाला पानेवाडी आठवते.

२५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाची पूर्वसंध्या. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या वाटेने चालले होते. रस्त्याकडेला एका ढाब्यापाशी टँकरमधून तेलाची उतराउतर चालल्याचे त्यांनी पाहिले आणि ते थांबले. मोबाइलवर चित्रण करू लागले. तिथल्या टोळीने त्यांना भरदिवसा पेटवून दिले. ते जागीच गेले. मुख्य आरोपीही त्या आगीत भाजला आणि काही दिवसांत मेला. दोन दिवसांनी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, राज्यात ठिकठिकाणी छापे पडले, तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

तेव्हा वर्तमानपत्रांत 'तेलमाफिया' हा शब्द रोज होता. माफिया हे कारण नव्हे, परिणाम होता. कारण शिधापत्रिकेच्या दरपत्रकात छापलेले होते. जून २०१० मध्ये तीन रुपयांनी वाढवूनही रेशनचे रॉकेल बारा-तेरा रुपयांच्या आसपास होते आणि डिझेल चाळिशीच्या घरात. लिटरमागे पंचवीसेक रुपयांचा फरक. रॉकेलला निळा रंग देऊन काय होणार होते? गरिबाच्या नावाने निघालेला टँकर गरिबाच्या दारी पोहोचेपर्यंत अर्धा झालेला असे, आणि रेशनच्या रांगेतली बाई "रॉकेल संपलं" हे वाक्य ऐकून रिकामा कॅन घेऊन घरी जाई. त्याआधी पाच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००५ मध्ये, उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम भेसळीच्या पंपावर कारवाई केल्याबद्दल गोळ्या घालून मारला गेला होता. फट तीच, गाव वेगळे.

पुढे रॉकेलची ही फट बुजली ती पोलिसांनी नव्हे, दराने. २०१६ च्या जुलैपासून रॉकेल थोडे थोडे महाग होत गेले आणि २०२० पर्यंत अनुदान संपले. घरोघरी गॅसही पोहोचला होता. ज्या फरकापायी एका अधिकाऱ्याचा जीव गेला, तो पंचवीस-पंचवीस पैशांच्या वाढीने मिटवता येत होता. पण फरक मिटेल इतका गरिबाच्या चुलीला हात लावायचे राजकीय धाडस २०११ आधी कोणालाच झाले नाही.

दोन भावांचा असाच एक खेळ महाराष्ट्राने एसटीच्या रूपाने पाहिला. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने डिझेल दरमहा पन्नास पैशांनी वाढवायला सुरुवात केली आणि त्याच वेळी घाऊक ग्राहकांना एकदम पूर्ण बाजारभाव लावला. एसटी महामंडळ हे घाऊक ग्राहक. आगारातल्या टाकीत येणारे डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा दहा-अकरा रुपयांनी महाग झाले. मग लाल गाड्या खाजगी पंपांवर रांगेत उभ्या राहू लागल्या. स्वतःच्या आगारातला पंप कोरडा ठेवून सार्वजनिक महामंडळ कोपऱ्यावरच्या पंपावर तेल भरते, याला धोरण म्हणायचे! मार्च २०२२ मध्ये हेच पुन्हा घडले. मुंबईत घाऊक डिझेल १२२ रुपये आणि पंपावरचे ९४.

आता नियंत्रणमुक्तीकडे येऊ. कागदावरचा क्रम सोपा आहे. एप्रिल २००२ मध्ये प्रशासित दर संपले असे जाहीर झाले. दोनच वर्षांत कच्चे तेल चढू लागले आणि सरकारने कंपन्यांना दर वाढवू दिले नाहीत. तोट्यापोटी रोख पैशांऐवजी तेलरोखे दिले. खाजगी कंपन्यांना असे रोखे नव्हते, म्हणून रिलायन्सने २००८ मध्ये आपले सुमारे १,४०० पंप बंद केले. जून २०१० मध्ये पेट्रोल मोकळे झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला दर बदलू लागले. आधी ठरले होते मध्यरात्री. पण रात्री बाराला पंपावर आकडे कोण बदलणार, म्हणून डीलरांनी संपाचा इशारा दिल्यावर वेळ सहाची झाली. त्या सकाळी मात्र खरेच वाटले, की आता सरकार बाजूला झाले.

किती बाजूला झाले ते निवडणुकांचे कॅलेंडर सांगते. २०१८ च्या कर्नाटक निवडणुकीआधी रोज बदलणारा दर जवळपास तीन आठवडे जागचा हलला नाही. नोव्हेंबर २०२१ पासून, उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका आटोपेपर्यंत, दर १३७ दिवस गोठले. मधल्या काळात युक्रेनचे युद्ध पेटले आणि कच्चे तेल शंभर डॉलर पार करून गेले, तरी हलले नाहीत. निकाल लागल्यावर २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत दर चौदा वेळा वाढून दहा रुपयांनी चढले. त्यानंतर पुन्हा मुक्काम. पुढची दोन वर्षे कंपन्यांनी आपण होऊन दर बदलला नाही. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, दोन रुपये उतरवले. यामधला हिशेबही पाहण्यासारखा आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींहून अधिक तोटा झाला, आणि २०२३-२४ मध्ये कच्चे तेल उतरल्यावर ८१ हजार कोटींच्या आसपास नफा. महागाईच्या काळात ग्राहकाला सावली मिळाली हे खरे आहे, आणि ती मी नाकारत नाही. पण नंतर तिचे भाडे ग्राहकानेच भरले. हे कोणी ठरवले? त्याचा आदेश नाही, अधिसूचना नाही, कोणाची सही नाही. जून २०२२ मध्ये तर खाजगी पंपांनाही 'पंप बंद ठेवता येणार नाही, तेल द्यावेच लागेल' असे बंधन सरकारने घातले. यालाही बाजारच म्हणायचे असेल तर लासलगावच्या बाजार समितीचे नाव बदलावे लागेल.

शुल्काची गोष्ट याहून उघड आहे. एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे शुल्क ९ रुपये ४८ पैसे होते, डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे. त्या वर्षाअखेर कच्चे तेल कोसळले आणि नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने शुल्क नऊ वेळा वाढवले. २०२० मध्ये कच्चे तेल कोसळत वीस डॉलरच्या आसपास आले तेव्हा मार्चमध्ये तीन रुपये आणि मे महिन्यात एका रात्रीत पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये. पेट्रोलचे शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. २०१४-१५ मध्ये केंद्राला यातून ९९ हजार कोटी मिळाले होते, २०२०-२१ मध्ये ३ लाख ७३ हजार कोटी. याच काळात महागाईचे खापर जुन्या तेलरोख्यांवर फोडले जात होते. त्या रोख्यांची सगळी थकबाकी १ लाख ३० हजार कोटींच्या घरातली. जगात तेल स्वस्त झाले की ती स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचण्याआधीच शुल्क वाढते, हा आता नियमच मानावा. एप्रिल २०२५ मध्येही तेच झाले: दोन रुपये शुल्क वाढले, पंपावरचा दर तसाच राहिला.

आणि हे २१ रुपये ९० पैसे कशाचे? मूळ शुल्क त्यात फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी विशेष शुल्क, रस्ते उपकर, कृषी उपकर. राज्यांना वाटून द्यावा लागतो तो मूळ शुल्काचा भाग. ४१ टक्क्यांच्या हिशेबाने सगळ्या राज्यांत मिळून लिटरमागे सत्तावन्न पैसे. उरलेले दिल्लीचे. मग राज्यांनी आपापली नळी लावली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरला दोन रुपये लावले. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूची दुकाने न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, तो महसूल भरून काढायला पेट्रोलवर तीन रुपये चढले. म्हणजे पिणारे थांबले त्याची भरपाई गाडी चालवणाऱ्यांनी केली. जून २०२० मध्ये आणखी दोन रुपये, अधिभार १० रुपये १२ पैसे. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने पेट्रोलवरचे पाच रुपये उतरवले, डिझेलवरचे तीन.

त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचे शुल्क आठ रुपयांनी आणि डिझेलवरचे सहा रुपयांनी कमी केले, आणि लगेच राज्याने २ रुपये ८ पैसे आणि १ रुपया ४४ पैशांची 'कपात' जाहीर केली. आठाचे २६ टक्के म्हणजे २ रुपये ८ पैसे. सहाचे २४ टक्के म्हणजे १ रुपया ४४ पैसे. हे मुंबईचे तेव्हाचे व्हॅटचे दर. टक्केवारीने जे आपोआप घटणारच होते, त्याची घोषणा झाली. जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्याचा व्हॅट उतरवून बाकी राज्याइतका केला गेला. नाशिकचा आधीच तेवढा होता, त्यामुळे आपल्या वाट्याला बातमी आली, सवलत नाही.

पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराखाली आणा, ही मागणी २०१७ पासून आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या परिषदेत विषय आला आणि 'अजून वेळ आलेली नाही' म्हणून बाजूला पडला. वेळ कधी येणार? राज्याला यातून वर्षाला पस्तीस हजार कोटींहून अधिक मिळतात. असा झरा आपल्या हाताने कोणी बुजवत नाही. केंद्रही नाही, राज्यही नाही, आणि सत्तेत कोणताही पक्ष असो.

या सगळ्यात पंपचालक कुठे असतो? बाहेरून पाहणाऱ्याला तो गब्बर वाटतो. महामार्गावरचा एखादा असेलही. पण त्याच्या धंद्यात विक्रीचा दर त्याच्या हातात नाही, खरेदीचा नाही, कमिशनही नाही. टँकरचे पैसे आधी भरायचे, मग माल. पगार, वीजबिल, बँकेचे व्याज, उन्हाळ्यात उडून जाणारे पेट्रोल, सगळे त्या साडेचार रुपयांतून. डिझेलवर तर तीनच. कमिशन दर सहा महिन्यांनी तपासायचे असे नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईत ठरल्याचे डीलर सांगतात. ऑगस्ट २०१७ नंतर ते वाढले थेट ऑक्टोबर २०२४ च्या धनत्रयोदशीला: पेट्रोलवर सरासरी ६५ पैसे, डिझेलवर ४४.

मे २०२२ ची ती कपात पंपचालकांच्या बाजूनेही बघावी. शनिवारी संध्याकाळी घोषणा, रविवारी सकाळी नवा दर. ज्याच्या टाकीत त्या रात्री बारा हजार लिटर पेट्रोल होते, त्याचे शुल्क आणि व्हॅट मिळून लिटरला दहा रुपयांप्रमाणे सव्वा लाखाच्या जवळपास गेले. तेव्हाच्या कमिशनने ते भरून यायला तीसेक हजार लिटर विकावे लागतात. दर चढतात तेव्हा साठ्यावर फायदाही होतो, हे डीलर नाकारणार नाहीत. पण चढ रोज ऐंशी पैशांनी आला होता आणि उतार एका रात्रीत. त्या महिन्याच्या ३१ तारखेला अनेक राज्यांतल्या पंपांनी कंपन्यांकडून माल उचलला नाही. ग्राहकांना त्रास नको म्हणून विक्री सुरू ठेवून केलेला हा खरेदीबंद कोणाच्या लक्षातही राहिला नाही. याउलट १ जानेवारी २०२४ ला अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध पानेवाडीचे टँकरचालक थांबले, आणि बघता बघता नाशिकच्या पंपांवर दुचाकींची रांग रस्त्यावर आली. डीलर रुसला तर चालते, ड्रायव्हर रुसला तर चालत नाही.

कमिशन कमी असले म्हणून मापात मारण्याची मुभा मिळत नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घालून मापात चोरी करणाऱ्या चिप पकडल्या, तेव्हा 'झिरो' व्यवस्थित शून्यावरच होता.

फटी आजही आहेत, फक्त त्यांच्या जागा बदलल्या. सुरगाणा, पेठ ओलांडून गुजरातेत गेले की पेट्रोल नऊ-दहा रुपयांनी स्वस्त. सापुताऱ्याला फिरायला जाणारा नाशिककर येताना टाकी फुल्ल करतो. डिझेलचा भाव मात्र दोन्हीकडे जवळपास सारखा, म्हणून मालट्रक त्यासाठी वाट वाकडी करत नाहीत. दुसरी फट वाहतुकीची. परभणीचे पेट्रोल मनमाडहून तीनशेच्या आसपास किलोमीटर टँकरने जाते, म्हणून राज्यातले सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचे नाव वर्षानुवर्षे येते. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे ते नव्वदीला टेकले होते. कमी उत्पन्नाच्या जिल्ह्याने जास्त दर द्यायचा, हा 'बाजाराचा' न्याय.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. शहरी ग्राहकाला कांदा महाग पडू नये म्हणून. चांदवडच्या शेतकऱ्याने तोच कांदा लासलगावला न्यायला ट्रॅक्टरमध्ये जे डिझेल घातले, त्यावर मात्र लिटरमागे तीस रुपयांहून जास्त कर. त्याच्या मालाचा भाव चढला की सरकार मधे पडते. त्याच्या खर्चाचा भाव चढला की सरकार म्हणते, बाजार आहे. इथेनॉलचेही तसेच. तेल कंपन्यांनी ते कोणत्या भावाने घ्यायचे हे केंद्र ठरवते. २०२४-२५ साठी मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे. येवला-मालेगावच्या मक्याला त्याने गिऱ्हाईक मिळाले याचा आनंद आहे. पण ५२-५३ रुपयांच्या पेट्रोलमध्ये ७२ चे इथेनॉल मिसळायचे, हाही दरनियंत्रणाचाच एक प्रकार आहे, एवढे तरी मान्य करावे.

इंधनावर कर नसावा, असे मी म्हणत नाही. रस्ते, धरणे, पगार कुठून तरी यायचे, आणि शहराच्या हवेचा विचार केला तर पेट्रोल फार स्वस्त असूही नये. दरावर सरकारचा हात असण्यालाही माझा विरोध नाही. जुन्या व्यवस्थेत तो होता आणि त्याची किंमत पानेवाडीने मोजली, पण तेव्हा दर वाढला की पेट्रोलियम मंत्र्याला लोकसभेत उभे राहून उत्तर द्यावे लागे. आता तोच हात कंपनीच्या आड आहे, कंपनी बाजाराच्या आड, आणि बाजार सिंगापूरच्या तेलबाजारातल्या भावाच्या आड.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे, आणि ती पूर्ण करायला कायदा लागत नाही, पंपावरच्या बिलाच्या यंत्रात चार ओळी वाढवाव्या लागतात: तेलाचे इतके, केंद्राचे इतके, राज्याचे इतके, पंपाचे इतके. दिल्लीच्या दराची अशी फोड तेल कंपन्या प्रसिद्ध करतातच. नाशिकची, मालेगावची, सुरगाण्याची का नको? किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्याच्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा छापून येतो. पेट्रोलच्या बिलावर लिटर, दर आणि 'धन्यवाद, पुन्हा या' एवढेच असते. पुढच्या वेळी झिरो बघून झाल्यावर बिल मागा, आणि त्यावर ही फोड का नाही, ते पंपावरच्या तक्रार वहीत लिहा. वही मागितली की ती द्यावीच लागते.